धोटा सरत नाही, कांडी सरते

लहानपणी आम्ही नागपूरच्या टिमकीत राहायचो. घरामागच्या गल्लीत तेव्हा हातमाग होते. दुपारी शाळेतून परतताना कोपऱ्यावरूनच त्यांची खटखट ऐकू यायची. शेजारच्या आजींच्या मागापाशी बसून मी तासन्‌तास धोटा बघत राहायचो. वीतभराहून थोडा लांब, होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता, टोकांवर लोखंडी टोप्या. पोटात खाच, खाचेत सुताची कांडी, आणि कुशीला एक बारीक भोक, त्यातून सूत बाहेर यायचं. वर्षानुवर्षं हात लागून त्याचं लाकूड तेल पाजल्यासारखं गुळगुळीत झालं होतं. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून तो डावीकडून उजवीकडे जायचा, उजवीकडून डावीकडे यायचा, आणि प्रत्येक खेपेला कापडात बाण्याचा एक आडवा धागा वाढायचा. 'आजी, हा संपतो कधी?' असं मी एकदा विचारलं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, 'धोटा काहून संपन बाप्पा? कांडी सरते. धोटा नाही सरत.'

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो, मग शिकवू लागलो. बॅटरीपासून शरीरातल्या पेशीपर्यंत एक विषय शिकवताना दर वेळी मला आजींचं हे बोलणं आठवतं. त्या विषयाचं नाव शटल इफेक्ट. शटल म्हणजे इंग्रजीत धोटाच. बॅडमिंटनचं शटल, दोन स्टेशनांत ये-जा करणारी शटल गाडी, अवकाशात जाऊन परत येणारं स्पेस शटल, ही सगळी नावं मागावरूनच उचललेली आहेत. इंग्लंडमध्ये १७३३ साली जॉन के या माणसानं दोरीच्या झटक्यानं धावणारा धोटा काढला. त्याआधी रुंद कापडाला दोन विणकर लागायचे, एक इकडून धोटा फेकायला आणि दुसरा तिकडे झेलायला. नंतर एकटा विणकर इतक्या वेगानं विणू लागला की सूत कातणारे कमी पडले. आपल्याच गावात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल हा त्याच ओढीचा पुढचा टप्पा.

विज्ञानात शटल इफेक्ट कशाला म्हणतात? दोन जागा आहेत आणि मध्ये काहीतरी आडोसा आहे: भिंत, पडदा किंवा नुसतं अंतर. एखादी वस्तू हा आडोसा स्वतःहून ओलांडू शकत नाही. पण एक वाहक असा आहे की तो ओलांडू शकतो. तो इकडे ती वस्तू उचलतो, तिकडे जाऊन सोडतो, रिकामा होऊन परत येतो आणि पुन्हा उचलतो. इथे मागाची उपमा थोडी सुटते, कारण मागावरचा धोटा दोन्ही वेळा सूत सोडत जातो, तर विज्ञानातला बहुतेक वेळा भरून जातो आणि रिकामा येतो. पण आजींनी सांगितलेला गुण दोघांत सारखा आहे. वाहक खर्ची पडत नाही. म्हणून तो चिमूटभर असला तरी पुरतो, आणि त्याला पुरेसा वेळ मिळाला तर तो डोंगर हलवतो.

या चिमूटभराची ताकद मला आमच्या घरच्या इन्व्हर्टरनं शिकवली. एका उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी सारखं कमी होत होतं. पारा पंचेचाळिशीच्या वर गेला होता, बाजारात जायचा कंटाळा आला होता, आणि घरातल्या कुणीतरी दोन-तीनदा बोअरचं पाणी टाकून दिलं. पुढच्या काही महिन्यांत बॅटरी नुसती ठेवली तरी उतरू लागली. रात्री पूर्ण चार्ज केलेली बॅटरी दोन-चार दिवस लाइट गेली नाही तरी अर्धीमुर्धी व्हायची. दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीनं झाकणं उघडून आत नुसतं बघितलं आणि विचारलं, 'भाऊ, ह्यात बोअरचं पाणी टाकलं होतं काय? मंग ते बॅटरीले आतून खाते. तुमी वापरा का नका वापरू.'

त्याचं म्हणणं रसायनशास्त्राच्या भाषेत असं मांडता येतं. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, क्लोराइड असतात आणि अनेक ठिकाणी लोहही असतं. प्रत्येकाचा उपद्रव वेगळा, पण लोहाचा उपद्रव म्हणजे शटलचा धडधडीत नमुना. आम्लात विरघळलेल्या लोहाची दोन रूपं असतात आणि दोघांत फक्त एका इलेक्ट्रॉनचा फरक असतो. धन प्लेटपाशी गेलेलं लोह तिला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. तसंच पोहत ते ऋण प्लेटपाशी येतं आणि तिच्याकडून एक इलेक्ट्रॉन घेतं. पुन्हा धन प्लेट, पुन्हा ऋण प्लेट. ऋण प्लेटवरचा जो इलेक्ट्रॉन तारेतून पंख्यात जाऊन मग धन प्लेटला पोचायला हवा होता, तो आतल्या आतच पोचवला जातो. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, आणि दोन्ही प्लेटा थोड्या थोड्या उतरतात.

हिशेब करून बघू. एक ग्रॅम लोह एका पूर्ण फेरीत जेवढे इलेक्ट्रॉन नेतं, त्यांचा विद्युतभार होतो सुमारे ०.४८ अँपिअर-तास. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी साधारण १५० अँपिअर-तासांची असते. लोह एका फेरीत संपून गेलं असतं, तर नुकसान अर्ध्या अँपिअर-तासाचं झालं असतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ते संपत नाही. सव्वातीनशेच्या आत फेऱ्या झाल्या की अख्खी बॅटरी रिकामी होते, आणि एक ग्रॅम लोह जसंच्या तसं शाबूत असतं, पुढच्या चार्जिंगची वाट पाहत. म्हणून डिस्टिल्ड वॉटर टाका असं दुकानदार कळकळीनं सांगतात तेव्हा ते ऐकावं. आमच्या त्या बॅटरीला शेवटी भंगारात जावं लागलं.

फेरीला किती वेळ लागतो, हा पुढचा प्रश्न. द्रवात विरघळलेला कण सरळ रेषेत चालत नाही. जत्रेच्या गर्दीत सापडल्यासारखा तो धक्के खात भटकतो. अशा भटकण्याचा एक नियम आहे: अंतर अर्धं झालं तर वेळ अर्धा होत नाही, पाव होतो. इन्व्हर्टरच्या प्लेटांमध्ये मिलिमीटरभराचं अंतर असतं, म्हणून फेरी तासांच्या हिशेबात मोजावी लागते. मोबाइलच्या किंवा ई-स्कूटरच्या सेलमध्ये दोन्ही बाजूंमधला पडदा केसापेक्षाही पातळ असतो, आणि तिथे फेरी सेकंदांवर येते. त्यात उष्णता वाढली की द्रव पातळ होतो आणि भटकंती आणखी जोरात चालते. बॅटरी उन्हात ठेवू नका, या सल्ल्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे.

शटल इफेक्ट हे नाव आज सर्वांत जास्त ऐकू येतं ते लिथियम-गंधक बॅटरीच्या संदर्भात. तिथे जरा थांबायला हवं, कारण एक अतिशय सुंदर कल्पना याच दुखण्यापायी वर्षानुवर्षं अडून राहिली आहे.

गंधक स्वस्त आहे. पेट्रोलियम शुद्ध करताना तो उपपदार्थ म्हणून निघतो आणि त्याचे पिवळेधमक ढीग साचून राहतात. लिथियमबरोबर जोडी जमवली तर एक ग्रॅम गंधक १,६७० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास भार साठवू शकतो. आजच्या मोबाइलमधल्या धन बाजूच्या पदार्थांना दीडशे-दोनशेच्या घरात समाधान मानावं लागतं. शिवाय गंधक हलका, आणि कोबाल्टसारखा दूरदेशीच्या खाणींतून आणावा लागत नाही. २०१० साली झेफिर नावाचं सौरऊर्जेवरचं बिनमाणसाचं विमान सलग चौदा दिवस हवेत राहिलं, तेव्हा रात्री त्याला लिथियम-गंधक बॅटऱ्यांनीच उडत ठेवलं होतं. मग ही बॅटरी आपल्या स्कूटरमध्ये का नाही?

गंधकाचे आठ अणू एकमेकांचे हात धरून कडं करून बसलेले असतात. बॅटरी वापरात असताना लिथियम येऊन हे कडं तोडतं आणि त्याची साखळी होते, दोन्ही टोकांना लिथियम लागलेली. मग ही साखळी तुटत तुटत आखूड होत जाते: आठ अणूंची, सहाची, चाराची, दोनाची, शेवटी एकेकट्या गंधकाची. या साखळ्यांना पॉलिसल्फाइड म्हणतात. खोड अशी की लांब साखळ्या आतल्या द्रवात सहज विरघळतात आणि आखूड साखळ्या जवळपास विरघळत नाहीत. काचेच्या सेलमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. सुरुवातीला पाण्यासारखा असलेला द्रव पिवळा होतो, मग तांबूस-तपकिरी, काढा उकळत ठेवल्यासारखा.

विरघळलेल्या लांब साखळ्या घरात कशाला थांबतील? गंधकाच्या बाजूला त्यांची दाटी, लिथियमच्या बाजूला मोकळं रान. त्या पडद्याच्या भोकांमधून पलीकडे जातात. तिकडे धातुरूप लिथियम बसलेलं असतं, इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळ. ते साखळीला तिथल्या तिथे इलेक्ट्रॉन देऊन तिचे तुकडे करतं. आता आखूड साखळ्यांची दाटी लिथियमपाशी झाली, म्हणून त्या उलट गंधकाकडे निघतात. त्या वेळी आपण चार्जिंग लावलेलं असेल, तर चार्जर त्यांना पुन्हा जोडून लांब करतो. लांब झाल्या की त्या परत लिथियमकडे. असा धोटा सुरू झाला.

याचा परिणाम विलक्षण होतो. चार्जर वीज देत राहतो, मीटरवर प्रवाह दिसत राहतो, पण सेल काही भरत नाही. शटल फार जोरात असेल तर सेलचं व्होल्टेज शेवटच्या आकड्यापर्यंत चढतच नाही. ओतलेली सगळी वीज साखळ्या लांब करण्यात जाते आणि लिथियम त्या पुन्हा तोडून टाकतं. सेल नुसता तापतो. शिवाय प्रत्येक खेपेला थोडा गंधक लिथियमवर न विरघळणाऱ्या थराच्या रूपात चिकटून बसतो आणि कायमचा कामातून जातो. आजींच्या भाषेत, धोटा सरत नाहीच, पण तो कांडीचं सूत भलत्याच ठिकाणी गुंडाळत राहतो. तरी यात एक गुणही लपलेला आहे. चार्जिंग जास्त वेळ चालू राहिलं तर हेच शटल जादा वीज जिरवून व्होल्टेज भलतं चढू देत नाही.

उपाय खूप झाले. २००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटानं गंधक कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांमधल्या फटींत भरून ठेवला, म्हणजे साखळ्यांना घराबाहेर पडायला वाटच अरुंद. या कामानंतर जगभरच्या प्रयोगशाळा या बॅटरीकडे पुन्हा वळल्या. दुसरा उपाय पलीकडच्या टोकाला केला जातो. द्रवात थोडं लिथियम नायट्रेट टाकलं की लिथियमवर एक पातळ साय धरते. साखळी तिथपर्यंत पोचते, पण तिला लिथियमचा स्पर्श मिळत नाही, आणि शटलचं एक टोक बंद पडतं. मात्र ही साय झिजते, पुन्हा धरते आणि त्यात नायट्रेट हळूहळू संपतं. म्हणजे इथे धोटा सरत नाही आणि राखणदार मात्र सरतो. हा उपाय कायमचा पुरत का नाही, ते यातच आलं.

हेच नायट्रेट दुसऱ्या घरात चोर म्हणून ओळखलं जातं, आणि ही गोष्ट मला शिकवायला फार आवडते. जुन्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये प्लेटा बनवताना वापरलेलं नायट्रेट थोडं मागे राहायचं. ऋण बाजूला इलेक्ट्रॉन घेऊन त्याचं नायट्राइट आणि पुढे अमोनियापर्यंत काय काय व्हायचं, धन बाजूला इलेक्ट्रॉन सोडून ते परत मूळ रूपाकडे यायचं, आणि कपाटात ठेवलेला सेल आपोआप उतरायचा. नंतरच्या निकेल सेलमध्ये अमोनिया धरून ठेवणारा पडदा घातला, तेव्हा वर्षभर ठेवूनही बराचसा चार्ज टिकणारे रिचार्जेबल सेल बाजारात आले. पदार्थ तोच. एका बॅटरीत तो शटल चालवतो आणि दुसरीत शटल थांबवतो. कोणता पदार्थ घातक, असा प्रश्न इथे सुटा विचारता येत नाही. तो कोणत्या दोन टोकांमध्ये सापडला आहे, ते आधी बघावं लागतं.

अलीकडचा एक शोध तर गुप्तहेरकथेसारखा आहे. आजच्या लिथियम-आयन सेलमधून काही वेळा चार्ज आपोआप कमी होतो, आणि तो गेला कुठे ते नीट कळत नव्हतं. कॅनडातल्या हॅलिफॅक्स इथल्या डलहौसी विद्यापीठातल्या संशोधकांनी सेल गरम जागी ठेवून मग उघडले, तर आतला एरवी रंगहीन असणारा द्रव लालसर झालेला. बाहेरून काही शिरलं नव्हतं. मग हे आलं कुठून? सेलच्या आतल्या गुंडाळ्या सुटू नयेत म्हणून एक चिकटपट्टी लावतात, आणि ती पीईटी प्लास्टिकची असते, म्हणजे ज्याच्या पाण्याच्या बाटल्या होतात त्याच प्लास्टिकची. उष्णतेत या पट्टीचे थोडे रेणू सुटून द्रवात आले होते आणि दोन्ही टोकांत इलेक्ट्रॉनची ने-आण करत बसले होते. २०२३ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. पट्टी दुसऱ्या प्लास्टिकची वापरली की दुखणं जवळपास जातं. इतक्या महागड्या यंत्रणेत सगळ्यात स्वस्त वस्तूकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

हे सगळं ऐकून शटल म्हणजे रोगच, असं वाटेल. पण हे वाचताना तुमचं हृदय ज्या ऊर्जेवर धडधडतंय, तीही एका धोट्यावरच चाललेली आहे.

सकाळी इतवारीत तर्री-पोहे खाल्ले असं धरू. तर्रीवर तरंगणाऱ्या तेलातली मेदाम्लं बहुतेक अठरा कार्बनच्या साखळीची असतात. आपल्याकडच्या जवसाच्या तेलातलीही तशीच. पेशीत ही मेदाम्लं जाळायची भट्टी म्हणजे तंतुकणिका, आणि तिला दोन पडदे असतात. आतला पडदा फार कडक. इतकी लांब साखळी त्यातून स्वतःहून आत जाऊ शकत नाही. तिथे कार्निटिन नावाचा लहानसा रेणू कामाला लागतो. बाहेरच्या बाजूला एक प्रथिन मेदाम्लाची साखळी कार्निटिनच्या पाठीवर ठेवतं. पडद्यातलं दुसरं प्रथिन फिरत्या दारासारखं आहे. ते भरलेलं कार्निटिन आत घेतं आणि त्याच फेरीत रिकामं कार्निटिन बाहेर सोडतं. आत तिसरं प्रथिन साखळी उतरवून भट्टीच्या हवाली करतं. कार्निटिन १९०५ साली मांसाच्या अर्कात सापडलं, नावही मांसावरूनच पडलं, पण शाकाहारी माणसानं घाबरायचं कारण नाही. आपलं यकृत आणि मूत्रपिंड ते स्वतः बनवतात. आणि ते संपत नसल्यानं थोडंच लागतं.

बॅटरीवर काम करणाऱ्यांना हेवा वाटावा अशी गोष्ट पुढे आहे. पेशीच्या शटलला लगाम आहे. पोटभर जेवण झालं की पेशीत मेद बनवण्याचं काम सुरू होतं, आणि त्या कामात तयार होणारा एक रेणू कार्निटिनवर माल चढवणाऱ्या पहिल्या प्रथिनाला थांबवतो. मग नवा मेद एका बाजूनं बनतोय आणि दुसऱ्या बाजूनं जळतोय, असा गोंधळ होत नाही. एकादशीला दुपार टळून गेली की हा रेणू कमी होतो, लगाम सुटतो आणि साठलेली चरबी भट्टीकडे जाऊ लागते. काही बाळांमध्ये जन्मतःच या तीन प्रथिनांपैकी एखादं बिघडलेलं असतं. असं बाळ दूध पिऊन हसतं-खेळतं, पण रात्रभर उपाशी राहिलं किंवा तापात खाईनासं झालं की त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, कारण साठलेली चरबी असूनही जाळता येत नाही. धोटा बंद पडणं म्हणजे काय, ते इथे कळतं. अशा मुलांना जास्त वेळ उपाशी ठेवायचं नाही, हा उपचाराचा पहिला नियम.

याच भट्टीला दुसरी शटलंही आहेत. साखर फोडताना बाहेर मिळालेले ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आत न्यायला हृदय आणि यकृत एक वाहक वापरतात, तर मेंदू आणि स्नायूंत दुसरा, जलद पण थोडी ऊर्जा वाया घालवणाराही चालतो. त्यांची नावं लांबलचक आहेत, कल्पना तीच.

आणि मग डीएनपी. डायनायट्रोफेनॉल हे याचं पूर्ण नाव, आणि याबद्दल मला थोडं कळकळीनं लिहायचं आहे. पेशीची भट्टी ऊर्जा तयार करताना प्रोटॉन आतल्या पडद्याच्या बाहेर ढकलून साठवते, धरणात पाणी अडवावं तसे. ते प्रोटॉन ठरलेल्या पात्यांमधून परत येतात तेव्हा पाती फिरतात आणि शरीराचं इंधन तयार होतं. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९७८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. डीएनपी हा या धरणाचा चोरधोटा आहे. तो बाहेर प्रोटॉन उचलतो, तेलकट पडद्यातून सरळ आत शिरतो, प्रोटॉन सोडतो आणि रिकामा होऊन परत जातो. पाती फिरत नाहीत. धरणातलं सगळं पाणी नुसतं वाहून जातं आणि त्याची उष्णता होते. इन्व्हर्टरमधलं लोह आणि हा डीएनपी यांच्यात तत्त्वाचा काहीही फरक नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हा पदार्थ हाताळणारे कामगार घामानं निथळायचे, वाळत जायचे, आणि काही जण तापानं दगावले. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वजन उतरवण्याचं औषध म्हणून तो पुढे आणला. वजन खरंच उतरायचं. पण मोतीबिंदू झाले, मृत्यू झाले, आणि १९३८ मध्ये तो बाजारातून काढावा लागला. शरीर आतून तापतं, आणि त्यावर उतारा नाही. धोटा सरत नाही, म्हणून जराशी जास्त मात्राही थांबत नाही. आजही तो चोरून इंटरनेटवर विकला जातो, लवकर बारीक व्हायच्या नादात असलेली तरुण मुलं तो मागवतात. नागपूरच्या मे महिन्यात शरीर आधीच उष्णता बाहेर टाकताना दमलेलं असतं. कुणी जिममध्ये अशी पिवळी पावडर किंवा गोळी सुचवली, तर कृपा करून हात लावू नका.

रसायनं सोडून यंत्रांकडे आलं तर तिथेही शटल आहे, आणि तिथे पदार्थाऐवजी उष्णतेचीच ने-आण होते. रात्री दिसणारे काही कॅमेरे आणि उपग्रहांवरची उपकरणं उणे दोनशे अंशांच्या आसपास गार ठेवावी लागतात. त्यासाठी एक लहानसं यंत्र असतं. त्यात नळीच्या आत एक दट्ट्या पुढे-मागे हलतो. नळीचं एक टोक खोलीइतकं गरम, दुसरं अतिशय गार. दट्ट्या हलतो जेमतेम काही मिलिमीटर, मग उष्णता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचते कशी? घराचा स्लॅब पडताना पाहिला असेल तर लगेच कळेल. खालपासून वरपर्यंत माणसं ओळीत उभी असतात आणि घमेली हातोहात वर जातात. प्रत्येक जण फक्त थोडा वळतो, खालच्याकडून घेतो, वरच्याला देतो. कुणी जिना चढत नाही, पण काँक्रीट गच्चीवर पोचतं. दट्ट्याचा प्रत्येक भाग तेच करतो. गरम बाजूला सरकला की शेजारच्या थोड्या जास्त गरम भिंतीकडून उष्णता घेतो, मागे सरकला की थोड्या गार भिंतीला देतो. यंत्र जी थंडी कमावतं, तिच्यातला काही वाटा असा हातोहात जातो. दट्ट्याची चाल दुप्पट केली तर हा तोटा चौपट होतो, म्हणून चाल आखूड ठेवण्याकडे कल असतो.

मांडवातला हॅलोजनचा दिवा याच कुळातला, पण उपकारक. तापलेल्या तारेतून उडालेलं टंगस्टन काचेवर बसून ती काळी होऊ नये म्हणून आत आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असतो. तो काचेजवळ टंगस्टन पकडतो आणि तारेजवळच्या प्रचंड उष्णतेत सोडून देतो. साध्या बल्बची काच काळवंडते आणि हॅलोजनची स्वच्छ राहते, ती यामुळे.

शेवटी मातीकडे येतो, कारण तिथलं शटल मला सर्वांत विलक्षण वाटतं. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत पाणी साचलं की खाली हवा पोचत नाही. तिथल्या काही जिवाणूंना श्वासासाठी ऑक्सिजन मिळत नाही, मग ते आपले इलेक्ट्रॉन गंजाला देतात. मातीचा लालसर रंग ज्यामुळे येतो तेच हे लोहाचं ऑक्साइड. अडचण ही की गंज म्हणजे घट्ट खडा. तो जिवाणूच्या पोटात जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक जिवाणू त्याला चिकटून बसू शकत नाही. मग ने-आण करणारे लागतात. १९९६ साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून तयार होणारं ह्यूमस हे काम करतं. जिवाणूकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे, वाहत जाऊन गंजाला द्यायचे, परत यायचं. ज्याला आपण शेणखतानं जमिनीचा कस वाढला म्हणतो, त्या काळ्या पदार्थाच्या अंगी हाही एक गुण आहे.

शिवानेला जातीचे जिवाणू तर ह्यूमसवर अवलंबूनही राहत नाहीत. ते आपला धोटा स्वतः घडवतात आणि बाहेर सोडतात. त्यासाठी ते फ्लाविन नावाचे रेणू वापरतात, आणि त्यातला एक आपल्या ओळखीचा आहे: रायबोफ्लाविन, म्हणजे दुधा-ताकात असणारं बी-२ जीवनसत्त्व. जिवाणूला ते बनवायला मेहनत पडते, आणि एकदा बाहेर सोडल्यावर त्यावर त्याची मालकी राहत नाही. पण ते खर्ची पडत नाही. एकच रेणू जिवाणू आणि गंज यांच्यात पुन्हा पुन्हा हेलपाटे घालत राहतो, आणि वाटेत भेटलेल्या शेजारच्या जिवाणूचे इलेक्ट्रॉनही त्याच फेरीत पोचवून येतो.